ट्योर्बेल – आल्प्समधलं एक लहान गाव आणि गाईंबद्दलचा १५१७ चा नियम

पाऊलखुणा:

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत सहा महिने गेले, आज बसलोच.

कामानिमित्त दोन वर्षं स्वित्झर्लंडच्या वालिस भागात फिस्प गावी राहतोय. झरमॅटला जाणारी लाल गाडी फिस्पवरूनच जाते, त्यामुळे टूरवाल्या मराठी लोकांनी हे स्टेशन खिडकीतून नक्की बघितलं असणार. गाडी पुढे श्टाल्डेनला थांबते, तिथे दोन नद्या एकत्र येतात, एक झरमॅटकडून आणि एक सासकडून. सगळे पुढे मॅटरहॉर्न बघायला जातात. मी मात्र एका रविवारी श्टाल्डेनला उतरून उजव्या अंगाच्या डोंगराकडे जाणारी पिवळी पोस्टबस पकडली आणि तिथून वर ट्योर्बेलला गेलो. तिथली माणसं आपल्या बोलीत गावाला टेर्बिल म्हणतात.

गाव साधारण १५०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर. उतार एवढा तीव्र की एका घराच्या छपराच्या रेषेत वरच्या घराचं जोतं येतं. लोकसंख्या सुमारे ५००. घरं लार्चच्या लाकडाची, ओंडक्यावर ओंडका रचून केलेली, उन्हाने अगदी काळी पडलेली. मला सगळ्यात आवडली ती धान्याची कोठारं. ही कोठारं जमिनीवर टेकतच नाहीत. लाकडी ठेंगण्या खांबांवर उभी असतात आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीएवढी गोल सपाट दगडी चकती ठेवलेली असते, तिच्यावर कोठार. उंदीर खांबावरून चढतो पण चकतीच्या खालच्या अंगाला आला की त्याला पुढे जाता येत नाही. मी एका चकतीवर हात फिरवून बघितला, कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. आत राय नावाचं धान्य ठेवायचे, त्याची मळणीही तिथेच व्हायची.

पण धागा काढलाय तो वेगळ्याच गोष्टीसाठी. या गावाकडे जमिनीच्या व्यवहाराचे १२२४ पासूनचे कागद आहेत. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते तेव्हापासूनचे. आणि १ फेब्रुवारी १४८३ ला गावकऱ्यांनी एकत्र येऊन एक करारनामा केला, की डोंगरावरचं उन्हाळी कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांचा कारभार आपण मिळून कसा करायचा. त्यात एक कलम असं की बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली म्हणून त्याला कुरणावर हक्क मिळणार नाही. जमीन घ्या, पण कुरण गावाचं. १५०७ मध्ये कुरणांच्या हद्दी कायमच्या ठरवल्या. मग १५१७ मध्ये आला तो नियम ज्याने मी अक्षरशः थक्क झालो: कुणीही हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसू शकतो त्याहून जास्त गाई उन्हाळ्यात कुरणावर पाठवायच्या नाहीत.

एवढंच. एका वाक्यात सगळं आलं. हिवाळ्यात तिथे पाच-सहा महिने बर्फ असतो, गाई गोठ्यात बांधलेल्या असतात आणि जे गवत तुम्ही स्वतःच्या कुरणातून कापून वाळवून ठेवलं असेल तेवढ्यावरच त्या जगतात. म्हणजे तुमची स्वतःची जमीन किती, तुमची मेहनत किती, यावर तुमच्या गाई ठरतात आणि त्यावरून सामायिक कुरणावरचा तुमचा वाटा. कुणी म्हणेल उन्हाळ्यात दहा गाई विकत आणतो, फुकटच्या कुरणावर चारतो आणि बर्फ पडायच्या आत विकून टाकतो, तर नाही, ती वाट बंद.

१९७० च्या सुमारास रॉबर्ट नेटिंग नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कुटुंबाला घेऊन या गावात राहिले. आधी त्यांनी नायजेरियात डोंगरावर शेती करणाऱ्या कोफ्यार लोकांमध्ये काम केलं होतं. ट्योर्बेलमध्ये त्यांनी चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, जुने करार, कोणाच्या किती गाई, कोणाचं शेत कुठे, सगळं गोळा केलं. तेव्हाही हा नियम पाळला जात होता! पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी नेटिंगचा हा अभ्यास वापरून जगाला दाखवलं की सामायिक मालमत्ता गावं नीट सांभाळू शकतात, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि हे नोबेल मिळवणारी ती पहिली बाई.

गावात मात्र याचा कुठे बोर्डही दिसला नाही. चौकातल्या हौदावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कुरणाचा रस्ता विचारला, त्यांनी हात वर करून मोसआल्पकडे दाखवलं आणि त्यांचं बोलणं पुन्हा सुरू.

अजून बरंच आहे, तुम्ही विचाराल तसं लिहितो.

मेघना_त:

वा, सुंदर लिहिलंय. झरमॅटला मीही गेलेय आणि खरंच श्टाल्डेनला मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

एक शंका. नियम केला ठीक आहे, पण हिवाळ्यात कोणाच्या गोठ्यात किती गाई आहेत हे कोण मोजणार? आमच्या सोसायटीत ३२ फ्लॅट आहेत, एका फ्लॅटला एकच पार्किंग हा नियम दोन वर्षांत मोडीत निघाला कारण मोजायला कोणी पुढे येत नाही, जो मोजेल तो वाईट होतो.

पाऊलखुणा:

@मेघना_त, अगदी मुद्द्याचं विचारलंत. यासाठी गावाने एक माणूस नेमलेला असायचा, त्याला गेवाल्टहाबर म्हणतात, म्हणजे अधिकार हातात असलेला. ज्याने जास्त गाई पाठवल्या त्याला दंड करायचा अधिकार त्याला, आणि त्या दंडातला अर्धा वाटा त्याने स्वतः ठेवायचा. म्हणजे मोजणाऱ्याला मोजण्यात फायदा होता. दंड जबर होता.

आणि मोजणी सोपी का होती ते सांगतो. उन्हाळ्यात सगळ्या गाई एकाच वेळी वर न्यायच्या आणि तिथे लगेच मोजायच्या. कारण वर सगळ्यांचं दूध एकत्र करून गावाने ठेवलेला माणूस चीज बनवतो, आणि हंगामाच्या शेवटी ज्याच्या जेवढ्या गाई त्या हिशोबाने चीज वाटतात. त्यामुळे मोजताना सगळ्यांचेच डोळे उघडे. शेजाऱ्याने एक गाय जास्त घुसवली तर तुमच्या वाट्याचं चीज कमी होणार.

वर्षातून एकदा सभा व्हायची, त्यात कारभारी निवडायचे. गुराखी ठेवणं, वरच्या कुरणावर शेण पसरवायची व्यवस्था, रस्ते, हिमस्खलनाने मोडलेल्या झोपड्या आणि गुरांचे वाडे परत उभे करणं, हे सगळं त्यांच्याकडे. आणि या कामात श्रमदान किती करायचं तेही गाईंच्या संख्येवरून ठरायचं.

निरंजन_देव:

थोडी भर घालतो, अर्थशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांचा एक निबंध आला होता, तो जगभर गाजला. त्यात उदाहरण गुराख्यांचंच आहे. सगळ्यांना मोकळं असलेलं कुरण, प्रत्येक जण विचार करतो की मी एक जनावर वाढवलं तर त्याचा फायदा पूर्ण माझा आणि कुरणाचा तोटा सगळ्यांमध्ये वाटला जाणार, मग प्रत्येक जण वाढवत जातो आणि शेवटी कुरण संपतं. उपाय दोनच मानले गेले, एक तर सरकारने ताब्यात घ्या नाहीतर तुकडे पाडून खाजगी करा. पुढची कित्येक वर्षं जगभरातल्या सरकारांनी याच समजुतीवर धोरणं आखली आणि आपल्याकडचं जंगल खातं काही त्याला अपवाद नाही.

ऑस्ट्रॉमबाईंनी काय केलं तर खरोखरच्या गावांचे अभ्यास पुढे ठेवले. ट्योर्बेल, जपानची हिरानो, नागाइके, यामानोका ही गावं, स्पेनमधले पाटपाण्याचे संघ, फिलिपिन्सचे झांजेरा, म्हणजे तिथले पाटपाणी सांभाळणारे शेतकऱ्यांचे गट. आणि दाखवलं की हार्डिन म्हणतात ते कुरण कुणाचंच नसलेलं कुरण आहे. गावाचं कुरण वेगळं. तिथे हक्कदार कोण हे ठरलेलं असतं, नियम तिथल्या जमिनीला आणि हवामानाला धरून असतात आणि ज्यांना पाळायचेत त्यांनीच केलेले असतात, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच असतो, आणि वरचं सरकार त्यात लुडबूड करत नाही.

ट्योर्बेलबद्दल आणखी एक महत्त्वाचं. तिथे सगळंच सामायिक नव्हतं. शेतं, द्राक्षमळे, गवताची कुरणं, घरं ही खाजगी होती. सामायिक काय, तर उन्हाळी चराई, जंगल, पडीक, पाटाचं पाणी आणि रस्ते. एकच गाव, तीच माणसं, शेकडो वर्षं, दोन्ही प्रकार शेजारीशेजारी. म्हणजे त्यांना खाजगी मालकी माहीत नव्हती असं अजिबात नाही. जिथे तुकडे करून फायदा नाही तिथे त्यांनी केले नाहीत.

शिवारातला:

हे वाचून पोटात तुटलं राव.

आमच्या गावाला गायरान होतं. माझ्या लहानपणी १९९० च्या आसपास आम्ही पोरं तिथं गुरं घेऊन जायचो, सकाळी दहाला सोडायची आन दिवस मावळायला परत. बोरीची झाडं होती, एक पाझर तलाव होता. आता तिथं एक प्लॉटिंग पडलंय, एका बाजूला खडी क्रशर आहे, राहिलेल्यात ज्याचा हात पोचला त्यानं बांध सरकवला. कागदावर गायरान अजून तेवढंच हाय. सातबाऱ्यावर सरकारचं नाव, गावाचं नाव नुसतं बोलायला. गावातली गुरं आता चौथाईसुद्धा राहिली न्हाईत, कारण चारायचं कुठं.

कुणी अडवलं का, तर नाही. कुणी म्हणालं का की गुरं किती सोडायची, तर कधीच नाही. ज्याची जास्त त्याची जास्त. मोठ्या वाड्याची साठ-साठ मेंढरं यायची आन एका म्हशीवाल्या बाईला गवत शिल्लक राहायचं नाही.

ह्या लोकांनी १५१७ ला जे केलं ते आमच्या आज्या-पणज्यांनी का केलं नसंल ह्याचा विचार करत बसलोय दुपारपासून.

खानदेशी_पाटकरी:

@शिवारातला भाऊ, केलं होतं हो. गायरानाचं नसेल पण पाण्याचं केलं होतं. आमच्या धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नदीवर फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर सगळ्यांचा ऊस, पुढच्या वर्षी दुसरं. म्हणजे पाणी एकाच वेळी एकसारखं लागतं, चोरी करायला वावच कमी. पाणी कमी असलं तर फड कमी करायचे, पण प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा असल्यामुळे तोटा सगळ्यांना सारखा.

पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागले, त्यांच्यावर हवालदार. मजुरी धान्यात किंवा पिकाच्या वाट्यात. माझ्या आजोबांचे वडील पाटकरी होते म्हणून हे नाव घेतलंय.

वरती मोठी धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले.

पाऊलखुणा, तुमच्या त्या गावात पाटाचं पाणी असं निरंजन म्हणाले, डोंगरात बर्फ असताना पाट कशाला?

पाऊलखुणा:

@खानदेशी_पाटकरी, फडाबद्दल इतकं नेमकं पहिल्यांदाच वाचलं, फार बरं वाटलं.

पाट का, तर हा भाग पर्जन्यछायेत आहे. दोन्हीकडे चार हजार मीटरची शिखरं, ढग तिथेच रिकामे होतात. श्टाल्डेनचा परिसर स्वित्झर्लंडमधला सगळ्यात कोरडा समजतात, वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. आपल्या माण-खटावच्या आसपासचाच आकडा की हो! फरक एवढाच की डोक्यावर हिमनद्या आहेत. मग त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी वरच्या ओढ्यांतून पाट खोदून डोंगराच्या कडेकडेने मैलोन्‌मैल पाणी आणलं, काही ठिकाणी तर सरळ कड्याला लाकडी पन्हळी टांगलेल्या. वालिसमध्ये या पाटांना सुओनन म्हणतात. पाटाच्या कडेने चालायला अरुंद वाट असते, राखणदाराची. मी एका पाटाकडेने तासभर चाललो, पाणी हळू आणि दुधाळ, हिमनदीची बारीक माती असते त्यात, आणि ती माती शेताला चांगली म्हणतात.

पाण्याची पाळी लिहायला कागद नव्हता तेव्हाची पद्धत बघा. वीतभर लाकडी काठ्या, टेसलन म्हणतात त्यांना. प्रत्येक घराची एक खूण, म्हणजे क्रॉस, बाण, दोन रेघा आणि एक ठिपका असं काहीतरी, ती काठीवर कोरायची, शेजारी खाचा पाडायच्या, जेवढ्या खाचा तेवढा वेळ पाणी. काठ्या एका दोरीत ओवलेल्या, ज्या क्रमाने ओवल्या त्या क्रमाने पाळी. गाईंच्या हक्कांच्याही अशाच काठ्या. अशा काठ्या मी इथल्या एका संग्रहालयात काचेआड बघितल्या. एका काठीवर एक जुनी खाच तासून काढून नवीन कोरलेली स्पष्ट दिसत होती. कोणीतरी पाणी विकलं असेल किंवा मुलीला दिलं असेल.

सह्यकडा:

मला लोकसंख्येत इंटरेस्ट आहे. ५०० माणसं आत्ता, पण आठशे वर्षांपूर्वीचं गाव आहे, जमीन तेवढीच, तर माणसं वाढली नाहीत का? आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन एकेका सातबाऱ्यावर तीस नावं आणि वाट्याला तीन गुंठे अशी गत आहे, तिकडे सगळं थोरल्याला जातं का?

पाऊलखुणा:

नाही! मलाही तसंच वाटलं होतं. ट्योर्बेलमध्ये वाटणी समान, मुलगे आणि मुली सगळ्यांना सारखी. त्यामुळे तुकडे आपल्याहून लहान. एका कुटुंबाची जमीन कितीतरी ठिकाणी पसरलेली, थोडी खाली, थोडी वर, एक कोठार चौघांत, घराचा खालचा मजला एका भावाचा आणि वरचा बहिणीचा. लग्नात नवऱ्याचे आणि बायकोचे तुकडे एकत्र आले की परत एक संसार उभा राहायचा.

मग माणसं वाढून गाव बुडालं कसं नाही? नेटिंगनी चर्चच्या नोंदी वाचून दाखवलं ते असं की तिथे लग्नं उशिरा व्हायची आणि बरेच जण लग्न करायचेच नाहीत. आईवडिलांकडून जमीन हातात येईपर्यंत संसार मांडता येत नाही, म्हणून थांबायचं. बिनलग्नाचे काका आणि आत्या घरातच राहून काम करायचे. बाकीचे गाव सोडून जायचे. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे बटाटा आला आणि तेवढ्याच जमिनीत जास्त पोटं भरायला लागली, मग लोकसंख्या वाढली. पुढे विसाव्या शतकात खाली फिस्पमध्ये रसायनांचा मोठा कारखाना आला, गडी सकाळी डोंगर उतरून शिफ्टला जायचे आणि संध्याकाळी येऊन गवत कापायचे. मधलं शेतीचं काम बायकांनी ओढलं. असल्या लोकांना इथे कामगार-शेतकरी असा शब्दच आहे.

उतारावरची माती पावसाने खाली येते, तर वसंतात शेताच्या खालच्या कडेची माती पाठीवरच्या टोपलीत भरून परत वरच्या कडेला नेऊन टाकायची. दरवर्षी. आणि गवत एका ठिकाणी साठवत नसत. डोंगरभर लहान लहान गोठे, ज्या कुरणातलं गवत तिथल्याच गोठ्यात, आणि हिवाळ्यात गवत गाईकडे नेण्यापेक्षा गाईच एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात न्यायच्या. म्हणजे गवत वाहायचं वाचलं आणि शेण जिथे हवं तिथे पडलं.

वासंती_जोग:

मुलींना समान वाटा वाचून बरं वाटलं, पण एक विचारते. त्या वार्षिक सभेत बायकांना मत होतं का? शिफ्टला गेलेल्या नवऱ्यामागे शेत त्यांनी ओढलं म्हणता, मग हात वर करायला कोण होतं? माझ्या माहितीप्रमाणे स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. आमच्या आयांनी १९५२ ला मत दिलं होतं.

पाऊलखुणा:

वासंतीताई, तुमचं बरोबर आहे आणि मी आधी लिहायला हवं होतं. वालिसमध्ये बायकांना मत मिळालं १९७० ला. तोवर करार पुरुषांचे, सह्या पुरुषांच्या. जमीन नावावर असायची आणि सभेत बोलायचा हक्क नाही, ही परिस्थिती शेकडो वर्षं.

पण एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. मोसआल्पच्या पलीकडच्या अंगाला उंटरबेख नावाचं असंच एक लहान गाव आहे. १९५७ च्या मार्चमध्ये देशात एक मतदान होतं, विषय होता बायकांना नागरी संरक्षणाच्या कामाची सक्ती करायची की नाही. म्हणजे सक्ती बायकांवर आणि मत फक्त पुरुषांचं. तर उंटरबेखच्या पंचायतीने ठरवलं की आमच्या गावातल्या बायका मत देणार. वरच्या सरकारने बजावलं की हे धरलं जाणार नाही. तरी ३ मार्च १९५७ ला काटारीना झेनहॉयझर्न यांनी पेटीत मत टाकलं, स्वित्झर्लंडमध्ये मत देणारी पहिली बाई. त्यांचे पती त्या वेळी गावचे प्रमुख होते. बायकांची मतं मोजताना धरली नाहीत, पण गावाने पेटी उघडी ठेवली.

वासंती_जोग:

काटारीना झेनहॉयझर्न. वहीत लिहून ठेवलं नाव. 🙏

अनिकेत_०७:

मला यात एक खटकतंय आणि सगळे एवढं कौतुक करतायत म्हणून लिहितो. बाहेरच्याला कुरणावर हक्क नाही, हे १४८३ चं कलम आपल्याला आत्ता ऐकायला छान वाटतं, पण हेच आपल्या गावांत कसं दिसतं? गावकीत कोण आणि गावाबाहेर कोण हे कोण ठरवतं? आमच्या घराला तीन पिढ्यांपूर्वी विहिरीवर पाणी भरायची बंदी होती, तेव्हाही गाव एकत्रच होतं आणि नियम गावानेच केलेला होता.

निरंजन_देव:

अनिकेत, तुमचा मुद्दा हलका नाही आणि अभ्यासकांनीही तो मांडलेला आहे. हद्द आखल्याशिवाय सामायिक मालमत्ता टिकत नाही हे खरं आणि हद्द आखली की कोणीतरी बाहेर राहतं हेही खरं. ट्योर्बेलमध्ये हक्क मूळ गावकऱ्यांच्या घराण्यांत राहिला आणि तो आजही स्वित्झर्लंडमध्ये दिसतो. तिथे एकाच गावात दोन संस्था असतात, एक सगळ्या रहिवाशांची पंचायत आणि दुसरी मूळ गावकऱ्यांची, जिच्याकडे बऱ्याचदा जंगल आणि कुरणं असतात. तुम्ही गावात चाळीस वर्षं राहिलात तरी दुसरीत आपोआप येत नाही.

पण जातीच्या बंदीत आणि यात मी एक फरक बघतो. तिथली बंदी चराईपुरती होती आणि कारण कुरणाची ताकद हे होतं. विहिरीवरच्या बंदीचं कारण पाणी पुरत नाही हे कधीच नव्हतं.

अनिकेत_०७:

फरक मान्य. तरी मेंढा-लेखाचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. गडचिरोलीतलं गोंडांचं गाव, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या सुरुवातीच्या गावांपैकी. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एक जण अडला तरी थांबायचं आणि बोलत राहायचं. ज्याचा आवाज लहान त्याला यात जागा आहे.

शिवारातला:

जंगलाचं काय करायचे ते स्विसवाले? लाकूड कसं वाटायचे? आमच्याकडं सगळी भांडणं लाकडावरनंच.

पाऊलखुणा:

@शिवारातला, हे तर माझं सगळ्यात आवडतं.

वर्षातून एकदाच लाकूडतोड. कारभारी जंगलात फिरून कोणती झाडं तोडायची त्यावर खुणा करणार, कारण वरचं जंगल फार तोडलं तर हिमस्खलन सरळ गावावर. मग हक्कदार घरांचे गट पाडायचे आणि कोणत्या गटाला कोणती झाडं ते चिठ्ठ्या टाकून. गटाने मिळून झाडं तोडायची, ओढून आणायची आणि जितकी घरं तितके सारखे ढीग रचायचे. आणि आता पुन्हा चिठ्ठ्या, कोणता ढीग कोणाचा. ढीग रचताना तुम्हाला माहीतच नसतं की आपल्याला कोणता येणार, म्हणून सगळे ढीग आपोआप सारखे रचले जातात. आई दोन भावांत लाडू वाटताना म्हणते ना, एकाने दोन वाटे कर आणि दुसरा आधी उचलेल, तसं. बाकी वर्षभर जंगलात कुऱ्हाड लावायची नाही.

मेघना_त:

हे ढिगांचं वाचून दोनदा परत वर जाऊन वाचलं. पार्किंगचं काय करायचं ते सुचलंय, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते आजच. चिठ्ठ्या टाकून जागा, दर सहा महिन्यांनी बदल.

आणि एक सांगा, खायला काय मिळालं तिथे? शाकाहारी आहे मी, पुढच्या उन्हाळ्यात जायचा विचार आहे.

पाऊलखुणा:

नक्की जा, जून ते सप्टेंबर. रायचा पाव मिळतो, काळपट, जड, वरून भेगाळलेला, जरासा आंबट. पूर्वी गावच्या सामायिक भट्टीत वर्षातून दोन-तीनदाच भाजायचे आणि मग महिनोन्‌महिने तेच खायचे, इतका कडक व्हायचा की सुरीला दाद द्यायचा नाही म्हणून तो कापायला खास अवजार असायचं. त्याबरोबर कुरणावरचं चीज. गावातल्या मंडळींनी जुनी गिरणी आणि कोठारं दुरुस्त करून जपलीत, तीही बघा.

वर मोसआल्पला बसने जाता येतं, २००० मीटरच्या थोडं वर. तिथून समोर मिशाबेलची रांग दिसते, त्यातला डोम ४५४५ मीटर. काळ्या नाकाच्या मेंढ्या दिसतील, त्या याच भागातल्या. गाई आता पूर्वीइतक्या नाहीत. वर जाताना बघितलं तर बऱ्याच कुरणांत लार्चची कोवळी झाडं उगवून आलीत, कारण गवत कापायला माणूस नाही. कुरण जास्त चरून जाऊ नये म्हणून पाचशे वर्षं राखलं आणि आता चरायला जनावर कमी पडतंय. तिथल्या एका बाईंनी मला एक बंद गोठा दाखवून सांगितलं की याचे चार मालक आहेत, तिघे शहरात आहेत आणि छपराच्या पैशासाठी चौघांची सही लागते.

सह्यकडा:

चार मालक आणि चौघांची सही. हे मात्र अगदी ओळखीचं निघालं, आमच्या घराच्या पडवीचं हेच चाललंय.

शिवारातला:

काल रात्री हे सगळं आजीला वाचून दाखवलं. ८७ वर्षांची हाय, कान अजून शाबूत. तो हिवाळ्याचा नियम सांगितला तर म्हणाली, त्यात काय एवढं, आम्ही पण दिवाळी झाल्यावर गंजीकडं बघूनच ठरवायचो. मी म्हणलं कसं? तर हिशोब सांगितला. एका बैलाला दिसाला कडब्याच्या पाच पेंढ्या, गाईला चार, वासराला दोन. दिवाळीपासून मिरगापर्यंत सात महिने धरायचे. गंजी रचतानाच पेंढ्या मोजायच्या, शंभर झाल्या की एक खडा बाजूला. खडे कमी पडले की एक जनावर बाजारात, रडत का होईना.

मग म्हणलं आजी, घरचं तू मोजायचीस, मग गायरानाचं कोण मोजायचं? बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, "ते कुणी मला विचारलंच नाही."

२६ जानेवारीला ग्रामसभा हाय. गायरानाची मोजणी मागायचा अर्ज लिहून ठेवलाय, आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. पहिला अंगठा आजीचा.

वासंती_जोग:

आजींना माझा नमस्कार सांगा. आणि २६ तारखेला काय झालं ते इथेच लिहा, मी वाट बघते.